पाठदुखीचा ठाव

ज्वर आला तर अंगाला हात लावून कळतो, फोड झाला तर डोळ्यांना दिसतो; परंतु पाठीचे व मानेचे दुखणे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. एकत्र कुटुंबात अशा न दिसणाऱ्या दुखण्याची किंमत दुखणाइताच्या वयावर व मानावर ठरते, असे आम्ही आजवर पाहत आलो. आजोबांची मान धरली की शेक, तेल व उशी ही सारी हजर होतात. सुनेची कंबर धरली की ‘हल्लीच्या मुलींना वाकण्याची सवय नाही’ एवढे वाक्य तेवढे हजर होते. आमच्या बाभुळगावच्या शिवारात कमरेला ओटी बांधून दिवसभर कापूस वेचणाऱ्या बायांच्या पाठीविषयी तर तेवढेही कोणी बोलत नाही. म्हणून, दुखण्याचे नेमके ठिकाण शोधून काढणाऱ्या एका उपायाची ओळख वाचकांस करून द्यावी, असे आम्ही योजिले आहे.

पाठीचा कणा म्हणजे मणक्यांची उतरंड. दोन मणक्यांमध्ये गादी असते, हे बहुतेकांस ठाऊक आहे. परंतु मागील बाजूस डावीकडे एक व उजवीकडे एक असे दोन लहान सांधेही असतात, हे पुष्कळांच्या गावी नसते. बोटांच्या सांध्यांप्रमाणे तेही झिजतात, सुजतात व दुखतात. कंबरदुखीचे मूळ या सांध्यांत असू शकते, हे बोस्टनचे गोल्डथ्वेट यांनी १९११ साली मांडले व १९३३ साली घोर्मले यांनी त्या विकारास स्वतंत्र नाव दिले. अडचण एवढीच की, एक्स-रे किंवा एमआरआय यांत झीज दिसते, वेदना दिसत नाही. साठी उलटलेल्या बहुतेकांच्या चित्रांत झीज असतेच. मग त्यांची पाठ दुखो वा न दुखो. पाचसहा सांधे झिजलेले दिसले, तर त्यांतील अपराधी कोणता?

आम्ही संस्कृताचे शिक्षक असल्यामुळे येथे आम्हांस चरकाचार्यांचे स्मरण होते. ज्या व्याधीची लक्षणे गूढ असतात, ती कशाने शमते व कशाने वाढते हे पाहून ओळखावी, असे त्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. यालाच उपशय व अनुपशय म्हणतात. सुईची ही परीक्षा त्याच जातीची आहे. संशयित सांध्यात, अथवा त्याची वेदना मेंदूकडे नेणाऱ्या दोन बारीक मज्जातंतूंपाशी, बधिर करणारे औषध थोडेसे सोडावयाचे. दुखणे तात्पुरते नाहीसे झाले, तर मूळ तेथेच असण्याचा संभव वाढतो. न झाले, तर शोध पुढे चालवावयाचा.

आमची स्वतःची कंबर दोन वर्षे दुखत होती. उभे राहिले वा मागे वाकले की कळ येई, पुढे वाकून बसले की बरे वाटे. नागपूरच्या डॉक्टरांनी ही परीक्षा सुचविली, तेव्हा घरात एकच गलका झाला की, पाठीत सुई म्हणजे पाय लुळे! डॉक्टरांनी मणक्याचे चित्र पुढे ठेवून समजाविले की, सुई कण्यातील मज्जारज्जूपर्यंत न्यावयाची नसते. ती मागच्या सांध्यापाशीच थांबते, आणि ती कोठे पोहोचली हे एक्स-रेच्या पडद्यावर सतत पाहता येते. पालथे निजवून, कातडी बधिर करून अर्ध्या तासाच्या आत सारे आटोपले. मग ते म्हणाले, “मास्तर, आता ज्याने दुखते तेच करा.” आम्ही उभे राहिलो, मागे वाकलो, जिना चढलो, कळ आली नाही. दर तासाला वेदनेस शून्य ते दहा यांपैकी गुण देण्याचे काम आमच्याकडे होते. पेपर तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसास ते अवघड नव्हते.

रात्री दुखणे परत आले, आणि ते ऐकून डॉक्टर समाधान पावले! कारण औषधाचा अंमल काही तासांचाच असतो. तो सरताच वेदना परतावी, हेच अपेक्षित होते. तरीही ही परीक्षा पुन्हा एकदा झाली. एकाच परीक्षेने मोठ्या संख्येने रोगी फसवे बरे वाटून घेतात. काही पाहण्यांत हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आढळले आहे. आशेनेही दुखणे उतरते. नैयायिक याला हेत्वाभास म्हणतील.

दोन्ही वेळा उत्तर एकच आल्यावर त्या तंतूंना सुईच्या टोकाने विद्युल्लहरींची उष्णता देण्यात आली. तंतू कालांतराने पुन्हा वाढतो. त्यामुळे आराम कित्येक महिने, कोणास वर्षभर वा अधिक मिळतो, कायमचा नव्हे. आम्हांस आठ महिने झाले. दुखणे बरेच उतरले आहे व रोजचा व्यायाम त्यामुळे शक्य झाला आहे. सांध्यात स्टेरॉइड सोडण्याचीही रीत आहे. या वर्गातील कॉर्टिझोन हे औषध १९४८ साली हेंच यांनी संधिवाताच्या रोग्यास प्रथम दिले. तथापि कंबरदुखीत स्टेरॉइडचा गुण अनिश्चित आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली नुसत्या कंबरदुखीवर उपचार म्हणून अशी इंजेक्शने देऊ नयेत, असे सांगितले. मात्र बधिरतेच्या परीक्षेत निवडलेल्या रोग्यांस उष्णतेचा उपाय विचारात घ्यावा, असेही सांगितले.

आता थोरल्या सूनबाईंची हकिकत. बाळंतपणापासून त्यांची कंबर दुखे. त्यांचीही परीक्षा झाली; परंतु काडीचा आराम पडला नाही. घरातील एक वडीलधाऱ्या बाई म्हणाल्या, “पाहिलेत? काही नव्हतेच.” सूनबाई आम्हांस हळूच म्हणाल्या, “मामंजी, मग मला दुखते ते काय?” डॉक्टरांनी याचे उत्तर दिले: “सांधा निर्दोष ठरला, बाई खोटी ठरली नाही.” पुढे कण्याचा तळ व कटिरास्थी यांमधील सांध्यात तशीच परीक्षा केली, तेव्हा दुखणे थांबले. ठिकाण कळल्यावर त्यांच्या उपचारांस दिशा लाभली आणि घरातले बोलणेही थांबले.

काही सूचना अवश्य ध्यानात धराव्यात. मधुमेह्यांची साखर स्टेरॉइडने काही दिवस चढते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास आधी सांगावे. ती आपल्या मनाने बंद करू नयेत. मानेजवळून मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात, म्हणून तेथे अनुभवी हातच हवा. परीक्षेच्या दिवशी सोबतीला माणूस असावे. पाठदुखीबरोबर पायांतील बळ जाऊ लागले, लघवी वा शौचाचा ताबा सुटला, किंवा ताप येऊ लागला, तर तेल-शेक करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

घरात कोणीही, मग ती धाकटी सून असो की स्वयंपाकाच्या बाई असोत, ‘पाठ दुखते’ म्हणाल्या, तर कोठे दुखते, कशाने वाढते व कशाने शमते, हे तीन प्रश्न विचारून उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. त्याला पैसा लागत नाही, आणि डॉक्टरही प्रथम तेच विचारतात.