एक्कावन्न पायऱ्या

डोंबिवलीतली आमची इमारत पाडायला घेतली आहे हे मला माहीत होतं. मागच्या महिन्यात तिकडे गेले ती एका फॉर्मसाठी. स्टेशनवरून चालत गल्लीच्या तोंडाशी आले आणि पाय जागीच थांबले. रस्त्याकडची भिंत गेली होती, खोल्या गेल्या होत्या, आमचा तिसरा मजला तर मुळापासून उतरवलेला. जिना मात्र उभा होता. उघड्यावर, ऊन खात. भिंतीला कमरेइतका गेरूच्या रंगाचा ऑइल पेंट, वर मळलेला चुना, आणि प्रत्येक वळणाच्या कोपऱ्यात देवाची एकेक टाइल. कुणी थुंकू नये म्हणून सोसायटीने लावलेल्या. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यामधल्या वळणावरची टाइल मला रस्त्यावरूनच ओळखू आली. दत्ताची, डावा कोपरा उडालेली. बाबा तिथेच उभे राहायचे.

जोत्याच्या तीन पायऱ्या, मग प्रत्येक मजल्याला आठ आणि आठ. तीन मजल्यांच्या अठ्ठेचाळीस. एकूण एक्कावन्न. दप्तर घेऊन, भाजी घेऊन, गॅसचं सिलिंडर वर नेणाऱ्या माणसाच्या मागून, लग्नाच्या शालूत, पोटुशी असताना, मी त्या किती वेळा चढले असेन.

आम्ही तिथे आलो 1983 साली, गिरगावातली चाळ सोडून. चाळीचा जिना लाकडी, दिवसाही अंधारा, फळ्या मधोमध झिजून पन्हळीसारख्या झालेल्या. तो वाजायचा. आई पोळ्या लाटता लाटता सांगायची, "बाबा आले, पाणी काढून ठेव." खालून सातवी फळी कधीतरी बदललेली होती आणि बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती. चाळीतल्या माणसाचा पाय तिथे आपसूक जास्त उचलला जायचा. पाहुणा ठेचकाळायचा. तो आवाज आला की आई पदर सारखा करायची, "कुणीतरी नवीन माणूस आहे."

पुढे कामात शिरल्यावर कळलं की यात खोल अर्थ आहे. पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच जिन्याची उंची शिकून घेतो आणि मग डोळ्यांना विचारत नाही. म्हणून उंच जिन्यापेक्षा असमान जिना वाईट. हल्लीच्या इमारतींतही हे होतं. काँक्रीट ओतताना सगळ्या पायऱ्या सारख्याच असतात. मग लॉबीत एका जाडीची लादी बसते, पायऱ्यांवर दुसऱ्या जाडीची, आणि सगळ्यात खालची किंवा सगळ्यात वरची पायरी अर्धा-पाऊण इंच चुकते. नेमकी तिथेच माणसं पडतात. जिना संपला असं समजून.

डोंबिवलीचं घर बघायला आम्ही चौघं गेलो होतो. आईने स्वयंपाकघराची खिडकी बघितली. मी आणि धाकट्या भावाने गॅलरी. बाबांनी भाव विचारला. लिफ्ट नाही, वर गच्ची, पावसाळ्यात ओल येणार, म्हणून तिसरा मजला पहिल्या-दुसऱ्यापेक्षा स्वस्त होता. बाबा तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे. गॅलरीत उभे राहून म्हणाले, "वारा बघ काय येतो!" जिना चढूनच आम्ही सगळे वर गेलो होतो, तरी तो कुणी बघितला नाही.

मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि 1986 पासून दादरच्या एका ऑफिसात नकाशे काढायला लागले. ट्रेसिंग पेपर, रोटरिंगची पेनं, आणि चुकलेली रेघ खरवडायला ब्लेडचं अर्धं पातं. तिथे मी किती जिने काढले याची मोजदाद नाही, आणि ते कसे काढले हे मला आजही सलतं. आधी हॉल बसवायचा, बेडरूम बसवायची, संडास-बाथरूमची पाइपलाइन एकावर एक आणायची. सगळं झालं की मधे एक चौकोन उरायचा. तिथे जिना. "ती जागा विकता येत नाही, घट्ट बसव," असं सांगितलं जायचं. घट्ट म्हणजे काय, तर मजल्याला अठराऐवजी सोळा पायऱ्या. मधल्या वळणावर सपाट जागा न सोडता तिरक्या, आतल्या टोकाला निमुळत्या होत गेलेल्या पायऱ्या. रात्री अंधारात उतरणाऱ्या माणसाचा पाय त्या टोकावर कसा पडेल, हा प्रश्न मला वीस-बावीस वर्षांची असताना पडला नाही. पडायला हवा होता. माझ्या रेघा सरळ आणि स्वच्छ होत्या, एवढ्यावर मी खूश असे.

जिन्याचं एक गणित आम्हाला पाठ होतं. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाय ठेवायची रुंदी, बेरीज चोवीस इंचांच्या आसपास यायला हवी. हे गणित फ्रान्समधलं. पॅरिसच्या राजेशाही वास्तुकला अकादमीचे प्रमुख फ्रांस्वा ब्लाँदेल यांचा ग्रंथ 1675 पासून छापला जाऊ लागला, त्यात ते आहे. सपाट जमिनीवर माणसाचं पाऊल चोवीस इंच पडतं आणि सरळ उभ्या शिडीवर बारा इंच, म्हणजे चढण्याचा एक इंच चालण्याच्या दोन इंचांबरोबर, असा त्यांचा हिशेब. त्यांचे इंच फ्रेंच, आपल्या इंचाहून थोडे मोठे. पण साडेतीनशे वर्षं तो हिशेब जगभर चालतो आहे. एका रविवारी मी टेप घेऊन आमचाच जिना मोजला. उंची साडेसात, रुंदी नऊ. साडेसात दुणे पंधरा, अधिक नऊ, चोवीस. गणित बरोबर! आणि तरी त्या जिन्यावर आईची टाच नेहमी हवेत असायची. उतरताना ती पाऊल आडवं टाकायची, एका हाताने निऱ्या उचलून, दुसऱ्या हाताने कठडा धरून. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत घरातल्या जिन्याची पायरी 190 मिलिमीटरपेक्षा उंच नको आणि 250 मिलिमीटरपेक्षा अरुंद नको असं आहे. आमची उंची बरोबर शेवटच्या रेषेवर, आणि रुंदी बोटभर कमी. चोवीस इंचांचं पाऊल टाकणाऱ्या माणसाच्या अंगावर नऊवारी किंवा पाचवारी साडी नसावी, आणि हातात पाण्याने भरलेली बादली तर नसावीच.

बाबांचं थांबणं कधी सुरू झालं ते मला नक्की सांगता येत नाही. माझी लेक पाच-सहा वर्षांची होती, म्हणजे 1998-99 असावं. आम्ही दोघी शनिवारी माहेरी यायचो. बाबा स्टेशनवर घ्यायला यायचे, तिचं बोट धरून जिना चढायचे, आणि पहिल्या-दुसऱ्या मजल्यामधल्या त्या वळणावर, दत्ताच्या टाइलजवळ, हमखास थांबायचे. तिथे सिमेंटच्या जाळीची खिडकी होती. पिशवी खाली ठेवायची, जाळीला हात टेकायचा आणि म्हणायचं, "थांब, तुला एक गोष्ट सांगतो."

गोष्टी जिन्याच्याच असत. पुण्याच्या ज्या वाड्यात ते लहानाचे मोठे झाले, तिथला जिना भिंतीच्या जाडीतून काढलेला होता. एका वेळी एकच माणूस जाईल एवढा. वरून दोर लोंबत असे, तो धरून चढायचं. आणि हुमायूनची गोष्ट. ती लेकीला इतकी आवडायची की दर शनिवारी तीच मागायची. दिल्लीच्या जुन्या किल्ल्यात शेर मंडल नावाची लाल दगडाची अष्टकोनी इमारत आहे. तिथे बादशहाची पुस्तकं होती. 1556 च्या जानेवारीतल्या एका संध्याकाळी तो जिना उतरत असताना अजान झाली. तो पायरीवरच गुडघे टेकायला वाकला, पाय झग्यात अडकला आणि खाली गेला. तीन दिवसांत मेला. पंधरा वर्षं देशोधडीला लागलेला माणूस, दिल्ली परत मिळून सहा महिनेच झालेले. लेक विचारायची, "कठडा नव्हता का, आजोबा?" बाबा हसायचे, जाळीतून बाहेर बघायचे, आणि पुढचं वाक्य यायला वेळ लागायचा.

मी मागे उभी असायची, दोन्ही हातांत पिशव्या. मला वाटायचं, आधी वर चला, गोष्टी काय बसूनही सांगता येतील. एकदा मी तसं म्हणालेसुद्धा. "अहो बाबा, चला ना, हात भरून आलेत माझे." ते लगेच "चल चल" म्हणून पिशवी उचलून निघाले. आठ पायऱ्या चढून दुसऱ्या मजल्यावर पुन्हा थांबले आणि एका दारावरची नावाची पाटी वाचत उभे राहिले. पंधरा वर्षांच्या शेजाऱ्यांची पाटी. ती त्यांनी का वाचली हे मला त्यांच्या पहिल्या अॅटॅकनंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा कळलं. "जिना चढताना दम लागत होता का?" मी सांगितलं, "नाही, ते गोष्टी सांगायचे."

2002 मध्ये बाबा गेले. आई तिथेच राहिली.

माझ्याकडे ये म्हटलं तर म्हणायची, "माझं इथे चाललंय ना." आणि खरंच चाललं होतं, गुडघे जाईपर्यंत. साठीत ती माझ्या लेकीला घेऊन पुण्याची पर्वती चढली होती. पर्वतीला 103 पायऱ्या, म्हणजे आमचं घर दोनदा चढून वर एक. पण तिथला दगड पसरट, रुंद. हत्ती चढतील अशा बेताने बांधलेला. आई मधे एकदाच थांबली, तीही शेंगा घ्यायला. तीच आई सत्तरीनंतर दत्ताच्या वळणापर्यंत यायची आणि जाळी धरून उभी राहायची. मग तेही थांबलं. शेवटच्या तीन वर्षांत ती चार वेळा खाली उतरली. दोनदा दवाखान्यात, एकदा मतदानाला, आणि 2016 मध्ये माझ्याकडे कायमची यायला. त्या वेळी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, ओढणीने बांधून, सोसायटीतल्या चार मुलांनी तिला उतरवलं. मुलं सांभाळून उतरत होती, पण वळणावर खुर्ची फिरेना. मागची दोन पावलं कुठे ठेवायची याला तिथे जागाच नव्हती. खुर्ची तिरकी करून कठड्याच्या वरून न्यावी लागली आणि क्षणभर आई जिन्याच्या पोकळीवर अधांतरी होती. तिने डोळे मिटले नाहीत. ती टाइलकडे बघत होती.

माझं स्वतःचं घर घेताना म्हणूनच मी पर्समध्ये टेप घेऊन फिरले. एजंट कंटाळायचा. "ताई, लिफ्ट आहे की!" मी म्हणायचे, "असू दे, मी जिन्याने येते." पहिली आणि शेवटची पायरी मोजायची, वळणावर उजेड कुठून येतो ते बघायचं, कठड्याचा दांडा हातात नीट बसतो का बघायचं. शेवटी ठाण्यात पहिल्या मजल्यावरचं घर घेतलं. हॉल लहान आहे. पण आई त्या जिन्यावरून, सहा इंचांच्या पायऱ्या एकेक करत, स्वतःच्या पायांनी खाली जाऊन बाकावर बसली. पुढची दोन वर्षं, जवळजवळ रोज.

डोंबिवलीचं घर आवरताना गॅलरीच्या गजाला बांधलेली तिची दोरी मी सोडवून आणली. निळी नायलॉनची, टोकाला आकडा. आकड्याला पिशवी अडकवून ती खाली सोडायची. भाजीवाला, दूधवाला, पेपरवाला, सगळ्यांना ती ठाऊक होती. पिशवी जमिनीवर आपटू नये म्हणून दोरीला एके ठिकाणी लाल चिंधी बांधलेली. चिंधी कठड्याशी आली की थांबायचं. संक्रांतीला ती तिळगूळही त्याच पिशवीतून पाठवायची आणि वरून हात जोडायची. चिंधीपासून आकड्यापर्यंत मी मोजलं आहे. पस्तीस फूट.

त्या दिवशीचा फॉर्म नव्या इमारतीतल्या मजल्याच्या पसंतीचा होता. बावीस मजले होणार आहेत. नवऱ्याचं आणि भावाचं मत वरचा घ्यावा असं आहे. वारा येतो. नकाशा टेबलावर पसरल्यावर मी आधी जिना शोधला. दोन लिफ्टच्या मागे, चारी बाजूंनी भिंत, आगीचं दार, पायरी नियमात बसणारी, वळणावर पुरेशी जागा. खिडकी नाही. थांबून बाहेर बघायला काही नाही. सगळ्यात खालचं घर मागितलं तर तेही पार्किंगच्या तीन मजल्यांच्या वर येतं. जोतं, तीन मजले, वर कठड्याची उंची, अशी मी पेन्सिलने बेरीज केली. अडतीस फूट झाले.

फॉर्मवर मी तोच मजला लिहिला आहे. आईची दोरी तीन फूट कमी पडेल. तेवढी जोड देता येते.