लेंड्यांचा हिशेब

सशाला उलटी होत नाही. जठराच्या तोंडाशी त्याचा स्नायू इतका घट्ट असतो की पोटात गेलेलं पुढेच सरकतं, मागे येत नाही. म्हणून माणसाला किंवा कुत्र्याला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात, तसं सशाला ठेवायचं नसतं. उलट त्याचं आतडं सतत चालतं ठेवावं लागतं. ते थांबलं की वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही आणि खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. टेबलावर सगळं नीट पार पडूनही घरी आल्यावर ससे दगावतात, ते बरेचदा याच फेऱ्यात सापडून.

आमच्या कापशीची नसबंदी दिवाळीनंतर, उन्हं उतरल्यावर केली. उन्हाळ्यात इकडे पारा चाळिशी ओलांडून बसतो, आणि ससा हा थंडीचा जीव. निरोगी ससाही त्या उन्हात धापा टाकतो. उमरखेडला गुरांचा दवाखाना आहे, गाईम्हशींची तिथं चांगली सोय होते, पण सशाला भूल देणं हे वेगळंच कसब. घरात दुखणं निघालं की इथली माणसं यवतमाळकडे न वळता पैनगंगा ओलांडून नांदेड गाठतात. कापशीही टोपलीत बसून त्याच वाटेनं गेली. पाळीव ससा मूळचा युरोपातला. आपल्या पैनगंगा अभयारण्यात पळतो तो रानससा निराळा, त्याला घरी आणणं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. गल्लीत हे दोनतीनदा समजावून सांगावं लागलं, कारण कापशीला पाहून एकानं जंगलखात्याचीच आठवण करून दिली होती.

डॉक्टरांनी वेदनाशामक मेलॉक्सिकॅमचे थेंब लिहून दिले आणि निघताना बजावलं, "मला फोन करायचा तर आधी लेंड्या बघून करा."

ससा दुखणं दाखवत नाही. ज्याच्या मागावर कोल्हा, घार, कुत्रा सगळेच असतात, त्यानं कण्हून कसं चालेल? कापशी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, कान पाठीला चिकटलेले, डोळे अर्धे मिटलेले. वरून पाहिलं तर झोपलीय असंच वाटावं. कान जवळ नेला तेव्हा दातांवर दात घासल्याचा बारीक कर्रकर्र आवाज आला. तेवढाच काय तो तिचा बोभाटा. भिजवून वाटलेलं खाद्य गाळून, सुई काढलेल्या सिरिंजनं, समोरचे दात सोडून बाजूच्या फटीतून थोडं थोडं द्यायचं. घाई केली तर ते श्वासनलिकेत जातं. उचलताना एक हात मागच्या पायांखाली हवाच, नाहीतर ती लाथ झाडते आणि त्या झटक्यात स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकते. टाके चाटू नयेत म्हणून कुत्र्याच्या गळ्यात घालतात तो प्लॅस्टिकचा पट्टा तिला लावला नाही. ससा आपल्या काही मऊ लेंड्या थेट तोंडानं उचलून पुन्हा खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. तो पट्टा ती वाटच बंद करतो.

पलीकडच्या घरी शेळ्या आहेत. तिथले भाऊ कुंपणावरून डोकावले. आता थट्टा होणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी विचारलं, "लेंडी टाकली का तिनं?" नाही म्हटल्यावर ते गेले आणि दूर्वांची ओली जुडी घेऊन आले. "शेळी रवंथ करत नसली तं आम्ही तोंडाकडं बघतच नाही, मागं बघतो." नांदेडच्या डॉक्टरांचाच प्रश्न, कुठलीही पदवी न घेता. जनावराची शुश्रूषा आपल्याकडे कुणाला नव्यानं शिकवायची गरज नाही. कुरवाळणं, गाजर भरवणं, फोटो काढणं हे नंतर आलेलं शहरी खूळ आहे, आणि गाजरातल्या साखरेनं तर सशाचं पोट आणखीच बिघडतं.

उजाडता उजाडता वर्तमानपत्रावर पहिल्या लेंड्या दिसल्या. आधी मोहरीएवढ्या, कोरड्या, दुपारपर्यंत हरभऱ्याएवढ्या.

त्याच दिवशी मावशी आल्या. त्यांनी बरेच हंगाम ऊसतोडीत काढलेत. कापशीच्या अंगाखालचा मऊ टॉवेल, गवत, औषधाची बाटली, सगळं त्यांनी नीट न्याहाळलं. "पिशवी काढली का हिची?" मी होय म्हटलं. का काढली तेही सांगितलं: नसबंदी न केलेल्या मादीला वयानुसार गर्भाशयाचा कर्करोग होतो, काही जातींत चार वर्षांपुढे निम्म्याहून जास्त माद्यांमध्ये तो आढळलेला आहे. मावशी म्हणाल्या, "मलाबी डाक्टरनं कॅन्सरचंच सांगितलं होतं." मग थोड्या वेळानं, "किती दिवस उड्या मारू द्यायच्या नाहीत म्हणला?" दहा दिवस, मी म्हटलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया गाजल्या तेव्हा सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82 हजारांवर बायकांची पाहणी झाली. 13 हजारांवर जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यांतल्या कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. पाळीचा त्रास, पांढरं जाणं, असल्या औषधानं बऱ्या होणाऱ्या तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना कर्करोगाची भीती घातली गेली. मुकादमाची उचल अंगावर असते, खाडा पडला की पैसे कापतात, आणि पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा ना पाणी. तेव्हा पिशवीच नको, हा हिशेब बाईलाही पटतो. ऑपरेशन झाल्यावरही विश्रांती उरतेच कुठं? मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढायचंच असतं.

सशाच्या बाबतीत जे कारण खरं, ते या बायकांच्या बाबतीत बहुतेक वेळा खोटं होतं. कापशीच्या वाट्याला खरं कारण, वेदनाशामक आणि सक्तीची विश्रांती असं तिन्ही आलं. ती लाडकी म्हणून हे मिळालं असं मला वाटत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं कामावर जावं असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून मिळालं. या तुलनेचा मला राग येतो, पण तो कापशीवर काढण्यात अर्थ नाही. तिचे थेंब मी वेळच्या वेळी देत राहिले.

टाके आतून विरघळणारे होते. जखम कोरडी राहिली, लाली नाही, पाणी नाही. कापशी पुन्हा खुर्चीवर उडी मारू लागली तेव्हा मावशीच म्हणाल्या, "दहा झाले ना दिवस? मंग मारू दे."

सशाची मादी घरी असेल तर ती चारसहा महिन्यांची झाल्यावर नसबंदीचं बघा. नर सोबत असेल तर लवकरच, कारण महिनाभरात पिल्लं होतात आणि व्यायल्या दिवशीच ती पुन्हा गाभण राहू शकते. दवाखान्यात मात्र आधी एवढं विचारा, आदल्या रात्री उपाशी ठेवायचं का? "हो" असं उत्तर आलं, तर टोपली उचला आणि दुसरा डॉक्टर शोधा.