घरगाडीचें ओलें छत

जालन्याच्या जुन्या वस्तींत आमचें जें वडिलोपार्जित घर होतें, तें माळवदाचें. मृगापूर्वीं पांढरी माती चाळून माळवदावर पसरावयाची, धुमसानें चोपून बसवावयाची आणि पन्हाळीं मोकळीं करावयाचीं, हें काम वडील आम्हां दोघां भावांकडून दरवर्षीं करवून घेत. त्यामुळें छताविषयीं आपणांस सर्व कांहीं ठाऊक आहे असा मला अभिमान असे. तो गतवर्षीं भाद्रपदांत एका मोटारीनें उतरविला. ती हकीकत वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतों.

माझा पुतण्या पुण्यास असतो. त्यानें एक मोठी मोटार घेऊन तिची घरगाडी करविली. आंत निजावयास बाकें, लहानशी शेगडी, भांड्यांचें कपाट. आणि विशेष हा कीं, तिचें छत पेटीच्या झांकणाप्रमाणें एका टोकानें उचलतां येतें. तें उचललें म्हणजे भोंवतीं जाड कापडाच्या भिंती उभ्या राहतात व वर आणखी दोघांची निजावयाची सोय होते. ही युक्ति नवी नव्हे. इंग्लंडांत फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर यांच्या कारखान्यांतील 'डॉर्मोबिल' गाड्यांस अशीं उचलतीं छतें १९५० ते १९६० च्या दरम्यानच आलीं होतीं. आपल्याकडेहि महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा गाड्यांतील पर्यटनासाठीं धोरण ठरविलें.

आमचे दादा आतां ८२ वर्षांचे असून त्यांस दम्याचा विकार आहे. घनसावंगी तालुक्यांतील जांब या समर्थांच्या जन्मगांवीं एक रात्र राहावें, ही त्यांची फार दिवसांची इच्छा. परक्या ठिकाणीं निजण्याउठण्याची अडचण म्हणून तें राहून जाई. घरगाडी आली तेव्हां दादा, वहिनी, पुतण्या व मी असे चौघे निघालों. पहिला मुक्काम अंबडास, मत्स्योदरीच्या टेकडीच्या पायथ्याजवळ केला.

रात्रीं पावसानें झोड उठविली. दादांस गारवा बाधेल या भयानें मीं सर्व खिडक्या, कापडाच्या भिंतींतील जाळ्यासुद्धां, बंद करविल्या. ओल्या छत्र्या व धोतरें आंतच टांगलीं. वहिनींनीं काढ्याचें आधण आंतच ठेविलें. पहांटे पाहतों तों छतास आंतून थेंब लोंबत होते, पांघरुणें दमट झालीं होतीं आणि दादांस धाप लागली होती. जांबचा बेत सोडून आम्हीं परत फिरलों. निघतांना पुतण्या म्हणाला, "काका, थोडी उघडीप होऊं द्या, कापड वाळूं द्या." मीं ऐकलें नाहीं. ओलें कापड तसेंच दडपून छत मिटविलें.

गाडी गळकी आहे असा सर्वांचा ग्रह झाला. परंतु घरीं आल्यावर पुतण्यानें मला दिवा देऊन आंत बसविलें व वरून नळीनें पाणी सोडलें. एक थेंबहि आंत आला नाहीं! तें पाणी आभाळाचें नव्हतें, आमचेंच होतें. चौघांच्या श्वासांतील, आधणाच्या वाफेंतील व ओल्या कपड्यांतील ओल थंड छतास लागून तिचे थेंब झाले होते. छत्र आणि छद्म हे दोन्ही शब्द छद् म्हणजे झांकणें या एकाच धातूपासून झाले, हें मीं तीस वर्षें मुलांस शिकविलें. झांकण्यांत फसगतहि असते, हें मात्र त्या दिवशीं कळलें.

दादा ऐकत होते. ते म्हणाले, "अरे, माळवदाचें सवणें विसरलास काय? भर पावसांतहि आई त्यावर झांकण तिरपें ठेवी. कधीं पुरतें मिटवीत नसे." मी निरुत्तर झालों.

दुसऱ्या चुकीचें फळ पितृपक्षांत मिळालें. छत उचलतांच कुबट वास आला. कापडावर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. घाईंत कापडाची एक चुणी छत व रबरी पट्टी यांमध्यें चिमटली गेली होती. तिनें दिव्याच्या वातीप्रमाणें बाहेरचें पाणी ओढून वरची गादी भिजविली होती. असल्या वासांत दादांस निजवणें म्हणजे दुखणें विकत घेणें होतें. पुतण्या तर गाडी विकावयास निघाला. पण दादा म्हणाले, "दोष गाडीचा नव्हे, आपल्या घाईचा."

मग आम्हीं कापड कोमट पाणी व सौम्य साबण यांनीं मऊ ब्रशानें धुतलें. कडक औषधांनीं डाग निघतात, पण कापडाचें पाणी अडविण्याचें बळहि जातें. तें उन्हांत पुरतें वाळवून त्यावर पाणी न धरणारा लेप दिला व शिवणींवरून मेण फिरविलें. रबरी पट्टीची धूळ पुसली. तिला खनिज तेल लावीत नाहींत, त्यानें रबर फुगतें. मुक्कामाचेहि नियम ठरले. छत जिकडे कमी उचलतें ती बाजू वाऱ्याकडे करावी. गाडी किंचित् उतरती ठेवावी, म्हणजे पाणी सांचत नाहीं. समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर तरी उघड्या असाव्या. चूल व ओले कपडे बाहेर, आडोशास. वादळ असेल तर छत मिटवून खालींच निजावें. मिटवितांना कापड चहूंकडून आंत ओढून घ्यावें, आणि ओलें मिटवावें लागलेंच तर घरीं पोंचतांच पुन्हा उघडून वाळवावें.

दसऱ्यानंतर पुन्हा निघालों. परतीच्या पावसानें जांबास गांठलेंच. मी रात्रीं दोनदां उठलों. दादा स्वस्थ निजले होते व छत कोरडें होतें. सकाळीं त्यांनीं राममंदिरांत दर्शन घेतलें आणि बराच वेळ डोळे मिटून बसले.

घरीं पोंचतांच मी सामान उतरवूं लागलों. दादा काठी टेकीत गाडीपाशीं थांबले व म्हणाले, "सामान राहूं दे. आधीं छत उघड."