म्हातारपणींचे डोळे

वार्धक्यांत डोळे जावयाचेच, ही आपल्या समाजाची एक समजूत. आणि ते मोतीबिंदूनेंच जातात, ही दुसरी. आमच्या गोंदिया जिल्ह्यांत तर दृष्टि अधू झालेल्या कोणाहि वृद्धास ‘मोतीबिंदु पिकला का?’ एवढेंच विचारण्याचा प्रघात आहे. परंतु मोतीबिंदु हा भिंगाचा रोग, आणि तें भिंग बदलतां येतें. पीतबिंदूचा ऱ्हास त्याहून अगदीं निराळा. पीतबिंदु म्हणजे दृष्टिपटलाचा मध्यभाग. अक्षर, सुईचें नेढें आणि माणसाचा चेहरा ओळखण्याचें काम त्याचें. तो झिजला म्हणजे मधलें चित्र पुसलें जातें, कडा मात्र शाबूत राहतात.

यांतून मोठा अन्याय घडतो. नवेगांवबांधच्या बाजूच्या एका खेड्यांतील एक वृद्ध बाई आमच्या परिचयाच्या आहेत. धानाच्या बांध्यांतून, धुऱ्याधुऱ्यानें त्या काठीवांचून चालतात. पण दारांत उभ्या असलेल्या नातवास ‘कोन होय गा?’ म्हणून विचारतात. म्हातारी सोंग करते, असें सुनेस वाटतें. सून वाईट नाहीं; जिला वाटेंतला दगड दिसतो तिला घरचें पोर दिसूं नये, हें कोणास पटावें? आमच्याशीं बोलतांना बाई आमच्या कानाकडे पाहतात. तेवढ्यानें आमचा चेहरा त्यांच्या दृष्टीच्या शाबूत कडेवर येतो.

अमेरिकेंतील बीव्हर डॅम या गांवीं १९८८ ते १९९० या काळांत झालेल्या पाहणींत या रोगाची शेवटली अवस्था ४३ ते ५४ वर्षांच्या लोकांत हजारीं एकास, तर पंचाहत्तरी गांठलेल्यांत शेंकडा सातांस आढळली. आपल्या नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ मध्यें तिशीपुढील ४७११ माणसांचे डोळे तपासले गेले. तेथें ती शेंकडा एकाहूनहि कमी निघाली. या आंकड्यानें समाधान पावणारांस आम्ही एवढेंच विचारूं, कीं त्या ४७११ मध्यें ऐंशी पाहिलेलीं माणसें कितीशीं असणार? स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचें सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतें. आज तें सत्तरीस पोंचलें आहे. ज्या वयांत हा रोग फोफावतो, तें वय आतां कोठें आमच्या लोकांच्या वांट्यास येऊं लागलें आहे.

वयाखालोखाल या रोगास पोसणारी गोष्ट धूम्रपान. आणि आमचा जिल्हा तर तेंदूपानाचा व विडीचा! (वळणारे हात बहुधा बायकांचे आणि ओढणारीं तोंडें बहुधा पुरुषांचीं, हा हिशेब येथें बाजूस ठेवूं.)

रोगाचा कोरडा प्रकार वर्षानुवर्षें सावकाश चालतो. त्यानें गेलेली मधली दृष्टि परत मिळत नाहीं. ओल्या प्रकारांत नव्या, नाजूक रक्तवाहिन्या झिरपूं लागतात आणि थोडक्या आठवड्यांत वाचन संपतें. डोळ्यांत औषध टोचून तो थोपवितां येतो, पण वेळींच, आणि पुनःपुन्हा. आरंभीं दाराची चौकट किंवा विजेचा खांब मध्येंच वांकलेला दिसतो. एकेक डोळा झांकून पाहिल्याखेरीज तें ध्यानांतहि येत नाहीं. कारण चांगला डोळा दुसऱ्याचें उणें निमूटपणें भरून काढीत असतो.