लिंबू, साखर आणि तिसरे

ज्याला लिंबाचे सरबत करता येते त्याला डायकिरी करता येते, हे वाक्य मी थोडा धीर करूनच लिहीत आहे. दिवाळी अंक घरातली लहानथोर सगळीच माणसे वाचतात. चकलीच्या कृतीशेजारी रमची कृती कुणाला खटकेलही. पण ज्याने ३० वर्षे बोटीवर एंजिनियर म्हणून काढली, त्याने निदान या बाबतीत तरी सोवळेपणाचा आव आणू नये.

डायकिरी हे मुळात एका ठिकाणाचे नाव. क्यूबाच्या पूर्व टोकाकडे, सान्तियागो शहरापासून थोड्या अंतरावर, समुद्रकाठी ते आहे. तिथे लोखंडाच्या खाणी होत्या आणि त्या खाणींवरच्या जेनिंग्ज कॉक्स नावाच्या अमेरिकन एंजिनियरने १८९८ च्या सुमारास हे पेय प्रथम केले, असे सांगतात. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या फौजाही याच किनाऱ्यावर उतरल्या. कॉक्ससाहेबाने फार मोठा शोध लावला, असे मात्र मला वाटत नाही. रम, लिंबू आणि साखर ही त्रयी दर्यावर्दी लोकांच्या कितीतरी आधीपासून ओळखीची. १७४० साली ॲडमिरल व्हर्ननने खलाशांना रम पाण्यात मिसळूनच द्यावी असा हुकूम काढला आणि ज्याला हवे त्याने साखर-लिंबू विकत घेऊन त्यात घालावे, अशी मुभा दिली. पुढे १७४७ मध्ये डॉक्टर लिंडने स्कर्व्हीच्या १२ रोग्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपचार दिला. संत्री-लिंबे मिळालेली जोडी सर्वांआधी सुधारली. इतके डोळ्यांसमोर घडूनही इंग्रजी आरमारात लिंबाचा रस रीतसर मिळू लागायला १७९५ साल उजाडले. सरकारी काम सगळीकडे सारखेच!

खरे पाहिले तर या पेयाचे माहेर आपल्याच बाजूला आहे. ऊस आणि लिंबूवर्गातल्या फळांचे बी कोलंबसाने १४९३ च्या दुसऱ्या सफरीत तिकडच्या बेटांवर नेले. साखरेची युरोपातली नावे तर आपल्या ‘शर्करे’चीच नातवंडे. १६३८ साली सुरतेला आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने ‘पालेपुंट्स’ नावाच्या पेयाचे वर्णन केले आहे. त्यात मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. इंग्रजीतला ‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाचा’वरून आला असे पुष्कळांना वाटते, पंडितांचे त्यावर एकमत नाही. मांडेल्स्लोचे जिन्नस मोजावेत तर चारच भरतात. पाचवे पाणी धरायचे की काय, ते वाचकांनी ठरवावे.

आता कृती. पातळ सालीची दोन रसदार कागदी लिंबे घ्यावीत. ती ओट्यावर तळहाताखाली घोळवून आयत्या वेळी पिळावीत; आदल्या दिवशीचा रस चालत नाही. साधारण २५ मिलिलिटर रस, साखर आणि पाणी समभाग घेऊन केलेला पाक २० मिलिलिटर, आणि पांढरी रम ६० मिलिलिटर. आपल्याकडची काळी रम वापरली तर जगबुडी होत नाही, पण मग लिंबाचा आवाज गुळाच्या वासात बुडतो. हे सारे फिरकीच्या झाकणाच्या बरणीत घालावे, बरणी बर्फाच्या खड्यांनी भरावी आणि १५ सेकंद जोराने हलवावी. कंजूषपणाने दोनच खडे टाकू नयेत. थोडा बर्फ लवकर वितळतो आणि पेय नुसते पाणचट होते. भरपूर बर्फ ते झटकन गार करतो आणि हवे तेवढेच पाणी सोडतो. बरणीवर बाहेरून दव धरले आणि हाताला चटका बसू लागला की झाले. चहाच्या गाळणीने गार केलेल्या ग्लासात गाळावे. वर छत्री, चेरी, फुले असले काही लावू नये. सान्तियागोच्या बंदरातही मला ते कुणी लावून दिले नव्हते.

एवढी सोपी गोष्ट. पण ती माझ्या घरात यायला निवृत्तीनंतरची चार वर्षे जावी लागली. परवाना माझ्यापाशी होता. १९४९ चा दारूबंदी कायदा आपल्याकडे अजून आहेच आणि परवाना मिळतो तो आरोग्य टिकवण्यासाठी. म्हणजे कागदोपत्री माझी डायकिरी हे औषधच! अडचण कायद्याची नव्हती. आई होती.

आईचा भाऊ, आमचा दादामामा, हातभट्टीची पीत असे. तो साताऱ्याला आमच्या घराशेजारीच राहायचा. एका भाऊबिजेला तो अंधार पडल्यावर भिंत धरत आला, रिकाम्या हाताने. आईने पाट मांडला, निरांजन लावले आणि त्याला ओवाळले. ताम्हनात टाकायला तिनेच त्याच्या मुठीत रुपया ठेवला होता. पुढे तिच्या पाटल्या त्याच्या दवाखान्यात गेल्या. तो ३९ व्या वर्षी गेला. आमच्या घरात ‘दारू’ हा शब्दही नव्हता, ‘ते’ म्हणत.

अशा बाईच्या छताखाली खोलीचे दार लावून पिणे मला जमले नसते. मी बोटीवर पीत होतो हे तिला ठाऊक होते. पण ते समुद्रावर. लेक म्हणाली, “बाबा, आजीला सरबत म्हणून सांगा की.” ते मी ऐकले नाही. गेल्या वर्षी पाडव्याच्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात लिंबे मांडली आणि आईला जे होते ते सांगितले.

ती खुर्चीवर बसून बघत राहिली. मापाचा कप पाहून म्हणाली, “मोजून घेतोस?”

“हो. साठ. आणि एकच ग्लास.”

“दादा मोजायचा नाही.”

मग बराच वेळ ती काही बोलली नाही. मी दुसरे लिंबू पिळू लागलो तशी म्हणाली, “अरे, इतकं पिळू नये, साल कडवटते,” आणि हात पुढे केला. शहाऐंशी वर्षांच्या त्या बोटांनी उरलेली फोड पिळली, बी वेचून काढले. मी बरणी हलवायला घेतली तेव्हा मात्र ती उठून देवघरात गेली. दिवेलागण झाली होती म्हणून गेली की आणखी कशाने, ते मी विचारले नाही.

उरलेल्या लिंबांचे मी तिला सरबत करून नेऊन दिले. एक घोट घेऊन ती म्हणाली, “साखर कमी पडलीय.”