पवनेच्या कांठीं उन्हाळ्याची तयारी

उन्हाळा आला कीं थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन राहावें, आणि तेथें एखादें तळें असल्यास सायंकाळीं त्याच्या कांठीं बसावें, ही हौस आपल्याकडे आजची नव्हे. महाबळेश्वरचें वेण्णा तळें साताऱ्याच्या शहाजी महाराजांनीं १८४२ सालीं बांधविलें. माथेरानचें शार्लट तळें तेथील वस्तीची तहान भागवीत आलें आहे. ह्या जुन्या ठिकाणांच्या जोडीला अलीकडे आणखी एका तळ्याभोंवतीं उन्हाळी वस्ती वाढली आहे. तें तळें म्हणजे मावळांतील पवना धरणाचा जलाशय. तेथें मुंबईकर पुष्कळ येतात. परंतु त्यांच्या बरोबरीनें चाकण, महाळुंगे, निगडी, पिंपरी ह्या कारखान्यांच्या पट्ट्यांतील कुटुंबेंही दिसतात. म्हणून ह्या प्रवासाचें वर्णन महाळुंग्यापासूनच आरंभिलेलें बरें.

महाळुंगे इंगळे हें खेड तालुक्यांतील, चाकणच्या पश्चिमेस असलेलें गांव. चाकण म्हटलें कीं पूर्वीं दोन गोष्टी आठवत : १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट फौजेशीं फिरंगोजी नरसाळ्यानें संग्रामदुर्गांतून जवळजवळ दोन महिने दिलेली झुंज, आणि येथील कांद्याचा बाजार. आज तिसरी गोष्ट त्यांच्याही आधीं आठवते, ती मोटारगाड्यांचे कारखाने. ज्या माळावर बाजरी डोलत असे तेथें आतां पाळ्यांचे भोंगे होतात, आणि अवजड मालमोटारींच्या रांगेंतून वाट काढीत माणसें घरीं परततात. अशा गांवाला मोकळ्या पाण्याची ओढ वाटावी ह्यांत नवल नाहीं.

महाळुंग्याहून तळेगांवच्या रस्त्यास लागलें कीं प्रथम खालुंब्रें लागतें, पुढें सुदुंबरें. सुदुंबऱ्यास संताजी जगनाडे यांची समाधि आहे. तुकोबांचे अभंग ज्यांनीं लिहून राखले अशी परंपरा सांगते, तेच हे संताजी. जवळच तुकोबांच्या एकांताचा भंडारा डोंगर दिसतो. इंदुरीस इंद्रायणी ओलांडून तळेगांव गांठावें. तेथून वडगांव, जेथें १७७९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं इंग्रजांस कोंडून तह करावयास भाग पाडलें. मग कामशेतास डाव्या हातास वळावें. बेडशाचीं प्राचीन बौद्ध लेणीं ज्या डोंगरांत कोरलीं आहेत त्याच्या बाजूनें रस्ता पवनमावळांत उतरतो. सारा प्रवास पंचेचाळीस-पन्नास किलोमीटरांचा. परंतु गिरण-यंत्रांचा आवाज कानांतून जाण्यास तेवढा पुरतो.

पवनानगर आलें कीं धरणाची लांबच लांब भिंत दिसते, आणि तिच्या मागें डोंगरांच्या कुशींत शिरलेलें, अनेक फांटे फुटलेलें पाणी. उत्तरेस लोहगड व विसापूर ही जोडी उभी आहे. दक्षिणेच्या अंगास तिकोना, आणि पश्चिमेकडे सुळक्यासारखा तुंग. ह्यांपैकीं लोहगड २०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेला. सकाळच्या निश्चल पाण्यांत ह्या डोंगरांचीं प्रतिबिंबें पडलेलीं पाहावीं आणि सायंकाळीं तुंगामागें मावळणारा सूर्य पाहावा. एवढ्यासाठीं येथवर येणें सार्थकीं लागतें, ह्यांत शंका नाहीं.

ब्राह्मणोली, ठाकूरसाई, गेव्हंडे, आपटी अशा गांवांच्या बाजूस पाण्यालगत तंबूंच्या रांगा लागलेल्या आहेत. थोडें वर बागा लावलेले बंगले आहेत. पावसाळ्यांत येथें पाऊस असा कोसळतो कीं तंबू गुंडाळून ठेवण्यावांचून गत्यंतर नसतें. दिवाळी सरली कीं पुन्हा खुंट ठोकले जातात. आणि होळीनंतर, मुलांच्या परीक्षा उरकत येतात त्या सुमारास, उन्हाळी हंगामाची लगबग सुरू होते. ओढणें, झाडणें, रंगविणें चालतें. वाळलेलें गवत कापून काढावें लागतें, कारण फाल्गुन-चैत्रांत एक ठिणगी सबंध डोंगर पेटवूं शकते. संडासाच्या टाक्या उपसाव्या लागतात. कामशेतच्या बाजारांतून तांदूळ, कांदे-बटाटे व कोळसा यांची भरती करावी लागते. ह्या धंद्यांत परगांवचे मालक आहेत तसे गांवचे तरुणही आहेत. ज्यांचे वडील वर्षांतून एकच भाताचें पीक घेऊन उरलेले महिने मजुरीस जात, त्यांस आपल्याच अंगणांत दोन पैसे मिळूं लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

थंड देशांत तळ्याकांठच्या उन्हाळी घरांची चाल फार जुनी आहे. कॅनडा, स्वीडन, फिनलंड ह्या देशांत हजारों तळीं, आणि त्यांच्या कांठीं लांकडी घरें. हिवाळ्यांत पाणी गोठतें. वसंतांत बर्फ वितळलें कीं घरमालक येऊन धक्क्याच्या फळ्या पुन्हा बसवितात, होड्या डागडुजी करून पाण्यांत लोटतात. परंतु ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट पुढेंच आहे. पुष्कळ तळ्यांवर ह्या शेजाऱ्यांचें एक मंडळ असतें. तें वर्गणी काढतें, सभा भरवितें, होड्यांच्या वेगाचे नियम पाळावयास लावतें, कोणाच्या संडासाची टाकी तळ्यांत पाझरते काय हें पाहतें. पाण्याची स्वच्छता तपासण्याची युक्ति तर अगदीं घरगुती आहे. आंजेलो सेक्की नामक इटालियन धर्मगुरु व ज्योतिर्विद यानें १८६५ सालीं ती रूढ केली. ताटलीएवढी एक काळी-पांढरी चकती दोरीला बांधून पाण्यांत सोडावयाची, आणि ती दिसेनाशी होते तेथें दोरी मोजावयाची. दरवर्षीं हें माप लिहून ठेवलें कीं तळें निर्मळ होत आहे कीं गढूळ, हें शाळेंतील मुलासही कळतें.

आपल्याकडे अशी तयारी करावयाची तर एक मूलभूत भेद आधीं समजून घ्यावा लागतो. तेथें उन्हाळ्यांत तळें मोकळें होतें. येथें उन्हाळ्यांत तळें आटत जातें. आपला हंगाम ज्या दिवसांत भरास येतो, त्याच दिवसांत पवनेचें पाणी रोज थोडथोडें खालीं जात असतें. ह्याची खूण म्हणजे वाघेश्वराचें दगडी मंदिर. हेमाडपंती धाटणीचें हें देवालय वर्षांतील बहुतेक महिने पाण्याखालीं असतें. उन्हाळ्याच्या तोंडाशीं पाणी पुरेसें उतरलें कीं तें उघडें पडतें, आणि चिखल वाळून पाऊलवाट झाली कीं लोक दर्शनास जातात. पाहणारास तो एक चमत्कार वाटतो. वस्तुतः तें मंदिर म्हणजे जणूं मोजपट्टीच होय : देव वर आला म्हणजे पाणी तितकें खर्चीं पडलें.

तें पाणी जातें कोठें? धरणाची उपयुक्त सांठवण सुमारें साडेआठ अब्ज घनफूट आहे. त्यांतून सोडलेलें पाणी नदीच्या पात्रानें रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतें. तेथून तें उपसून निगडीस शुद्ध केलें जातें आणि पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत पोंचतें. महाळुंग्याच्या कारखान्यांत काम करून रात्रीं निगडी-आकुर्डीस परतणारा मनुष्य जो पेला तोंडास लावतो, त्यांत बहुधा पवनेचेंच पाणी असतें. ज्या नदीच्या कांठीं चिंचवडास मोरया गोसावींची समाधि आहे ती हीच पवना. पुढें ती दापोडीजवळ मुळेस मिळते, मुळा-मुठा भीमेस मिळते, आणि भीमा पंढरपुरास चंद्रभागा होते. तेव्हां पवनेच्या कांठीं टाकलेली प्लास्टिकची बाटली आणि सोडलेला मैला हा दुसऱ्या कोणाच्या नव्हे, आपल्याच पाण्याच्या वाटेवर टाकलेला असतो. सहलीस गेलेला पाहुणा आणि घरीं नळ उघडणारा गृहस्थ हे पुष्कळदां एकच असतात, ही गोष्ट तंबूंत झोंपतांना आपण विसरतों.

ह्याहून जड एक ऋण आहे. पवना धरण १९७२ च्या सुमारास पुरें झालें. त्यासाठीं सुमारें बाराशें खातेदारांच्या जमिनी गेल्या. आज जेथें होड्या फिरतात तेथें भाताचीं खाचरें होतीं, खळीं होतीं, विहिरी होत्या, पाणंदी होत्या. पर्यायी जमीन मिळावी म्हणून ह्या लोकांपैकीं पुष्कळांस अर्धशतक वाट पाहावी लागली. मूळ गांवकऱ्यांपैकीं कोणी वृद्ध गृहस्थ कांठावर भेटला तर त्यास अवश्य विचारावें. तो हातांतील काठीनें पाण्याकडे दाखवून, आपला वाडा कोठें होता आणि चिंचेचें झाड कोठें होतें, हें नेमकें सांगतो. मुळशी खोऱ्यांत, येथून दक्षिणेस, असेंच दुःख याआधीं एकदां घडलेलें होतें. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सुरू झालेला आणि सेनापति बापटांच्या नांवाशीं जोडला गेलेला मुळशी सत्याग्रह आपल्या वडीलधाऱ्यांनीं ऐकलेला आहे. पवनेचें पाणी बंद नळानें थेट शहरास नेण्याच्या योजनेला मावळच्या शेतकऱ्यांनीं विरोध केला. त्या आंदोलनांत ९ ऑगस्ट २०११ रोजीं द्रुतगति मार्गावर बऊर येथें पोलिसांचा गोळीबार झाला आणि तिघांचे प्राण गेले. पवनेच्या पाण्यास ही किंमत पडलेली आहे. तिची जाणीव ठेवल्यानें सहलीचा आनंद कमी होत नाहीं. तो अधिक खोल मात्र होतो.

आणि ह्या बुडालेल्या गांवांचा संबंध आपल्या मुलाबाळांच्या जिवाशींही आहे. पवनेच्या जलाशयांत दरवर्षीं पोहावयास उतरलेले तरुण बुडाल्याच्या वार्ता येतात. कांठावरून पाणी शांत दिसतें, लाट नाहीं, ओढ नाहीं. मग पोहतां येणारा मनुष्यही बुडतो कसा? त्याचें कारण तळाशीं आहे. समुद्राची पुळण हळूहळू उतरत जाते. धरणाचा तळ म्हणजे शेतीचे बांध, ओढ्यांचीं पात्रें, जुन्या विहिरी आणि वर्षानुवर्षें सांचलेला गाळ. गुडघाभर पाण्यांतून एक पाऊल पुढें टाकावें तों पायांखालचा बांध सरतो आणि पुरुषभर पाणी लागतें. गाळांत रुतलेला पाय निघत नाहीं. शिवाय पाणी उतरत असल्यामुळें गेल्या महिन्यांत जी जागा सुरक्षित होती ती ह्या महिन्यांत तशीच असेल असें नाहीं. हा तळ कोणास ठाऊक आहे? ज्यांनीं तो एकेकाळीं नांगरला त्यांस. म्हणजे ज्यांचें आपण देणें लागतों, त्यांचेंच ज्ञान आपल्या मुलांस तारणारें आहे.

म्हणून पवनेच्या कांठीं तळ्याचें मंडळ व्हावें, आणि जेथें चार शेजारी एकत्र येऊन कांहीं करीत असतील तेथें त्यांस बळ मिळावें, असें वाटतें. त्यांत तंबूवाले असावेत, बंगल्यांचे मालक असावेत, मासे धरणारे असावेत, परंतु पहिला मान धरणग्रस्त गांवकऱ्यांस असावा. होळी झाली कीं मंडळानें एकत्र बसून कांठाची पाहणी करावी. जुन्या माणसांस बरोबर घेऊन विहिरी, बांध व ओढे ह्यांच्या जागीं रंगीत खुणा रोवाव्यात आणि पाणी उतरेल तशा त्या हालवाव्यात. होडींत बसणाऱ्या प्रत्येकास लाइफ जॅकेट, दारू प्यालेल्यास होडी नाहीं, आणि अंधार पडल्यावर कोणीच पाण्यांत नाहीं, एवढे तीन नियम निष्ठुरपणें पाळावेत. शाळेच्या मुलांकडून सेक्कीच्या चकतीचें माप घेववून तें चावडीवर लावावें. टाक्यांचा मैला पाण्यापासून दूर नेला जातो कीं नाहीं हें परस्परांनीं पाहावें. रात्रीं कर्ण्यांचा धुमाकूळ बंद ठेवावा. डोंगरांतल्या गांवांत सकाळीं लौकर उठून गुरें सोडावयाचीं असतात.

आपण पाहुण्यांनींही घरून निघतांना थोडी तयारी करावी. एकत्र कुटुंब निघालें म्हणजे डबे, पाण्याचे तांबे, सतरंज्या ह्यांची यादी आजी किंवा काकू करतातच. त्या यादींत कचऱ्यासाठीं एक गोणपाटाची पिशवी वाढवावी, आणि ती भरून घरीं परत आणावी. जेवण शक्य तों गांवातल्याच बाईच्या हातचें घ्यावें. इंद्रायणी तांदळाचा भात व पिठलें ह्यांची गोडी परगांवच्या हॉटेलांत येत नाहीं. वाघेश्वराचें मंदिर उघडें असेल तर मुलांस तेथें अवश्य न्यावें. तें किती जुनें आहे हें सांगावेंच. पण त्याच्या भोंवतीं कोणाचीं शेतें होतीं आणि तेथलें पाणी आतां कोणाच्या घरीं जातें, हेंही सांगावें.

मृगाचा पाऊस लागला कीं तंबू उतरतील, मंदिर पुन्हा पाण्याखालीं जाईल आणि पवना भरूं लागेल. तोंवर तिच्या कांठीं जो कोणी बसेल, त्यानें तेथें पाहुण्यासारखें वागावें.