पिवळ्या रंगाचे उत्तर

म्हैसूरहून नंजनगूडकडे जाताना कडकोळ लागते. तेथील औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत मी रसायनांच्या विषारीपणाच्या चाचण्या करते. मूळची मी यवतमाळ जिल्ह्यातली. २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले. त्याच हंगामात माझे काकाही दवाखान्यात होते. ते वाचले. त्यांच्या रक्तातील कोलिनएस्टरेजचा अहवाल ‘सामान्य मर्यादेत’ आला, आणि एम.एस्सी.च्या वर्गात शिकणाऱ्या मी घरी जाहीर केले, की विष फारसे भिनलेले नाही. काकांच्या उलट्या थांबल्या नव्हत्या. ते माझ्याकडे नुसते पाहत राहिले.

विद्यार्थी मित्रहो, ती चाचणी नेमके काय पाहते? मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशके ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात. मग चेतासंधींत ॲसिटिलकोलिन साचते, लाळ व घाम सुटतो, बाहुल्या आकसतात, शेवटी श्वसनाचे स्नायू थकतात. रेणूपासून मृत्यूपर्यंतच्या अशा साखळीला ॲन्कली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘ॲडव्हर्स आउटकम पाथवे’ या नावाने सुसूत्र रूप दिले. एल्मन यांची १९६१ची पद्धत त्या साखळीची पहिलीच कडी मोजते: विकर कार्यरत असेल तर द्रावण पिवळे होते आणि ४१२ नॅनोमीटरला त्याची तीव्रता मोजता येते. पद्धत सुबक आहे. मला ती आजही आवडते.

पण क्लोरपायरिफॉस त्याच नळीत थेट टाकले, तर ते बरेच निरुपद्रवी भासते. त्याचे जहाल ऑक्सॉन रूप शरीरात, मुख्यतः यकृतात, तयार होते आणि नळीला यकृत नसते. म्हणून यकृतातील विकरांचा अर्क मिसळून चाचणी करावी लागते. कपाशीवरच फवारले जाणारे डायफेन्थियुरॉन तर दुसऱ्याच वाटेने जाते: त्यापासून बनणारे कार्बोडायइमाइड तंतुकणिकांतील एटीपी-निर्मिती रोखते. तेथे द्रावण खुशाल पिवळेधमक दिसेल. शिवाय ‘सामान्य मर्यादा’ इतकी रुंद असते, की मुळात विकराची पातळी वरच्या टोकाला असलेल्या माणसाची बरीच घट होऊनही आकडा मर्यादेतच राहतो. काकांची फवारणीपूर्वीची पातळी कोणी मोजली होती?

आता माझ्या वहीत प्रत्येक चाचणीपुढे एक रकाना असतो: ती कोणती कडी पाहते, कोणती पाहत नाही. वरिष्ठांना तो अनावश्यक वाटतो. गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा काकांना विचारले, पंपात त्या दिवशी काय काय मिसळले होते. दुकानदाराने दिलेले तीन डबे, ते म्हणाले. दोघांची नावे त्यांना आठवली. तिसऱ्याचे झाकण निळे होते, एवढेच.